माझं अक्षर, मावशींचा फोन

लोकांना शेजाऱ्याच्या फ्लॅटचा हेवा वाटतो, मेहुण्याच्या गाडीचा वाटतो, गेला बाजार साहेबाच्या खुर्चीचा वाटतो. मला आमच्या ऑफिसात झाडू मारणाऱ्या मावशींचा वाटला. आणि थोडाथोडका नाही. डबा कडू लागावा, घरी आल्यावर बायकोवर उगाच खेकसावं, इतका वाटला. छप्पन्नाव्या वर्षी हे लिहून काढायला लाज वाटते, पण लिहिणं एवढंच मला नीट येतं, म्हणून लिहितो.

आमचं गोडाऊन अंजूरच्या बाजूला. मी तिथे इनवर्ड क्लार्क. माल घेऊन गाडी आली की ड्रायव्हर आधी माझ्या खिडकीशी येणार, बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, आणि चलन आत सरकवणार, मी ते मोठ्या रजिस्टरात उतरवून घेणार, गेटपास लिहून देणार, आणि मगच गाडी माल उतरवायला धक्क्याला लागणार. माझ्या खिडकीशी आल्याशिवाय सुईसुद्धा आत जात नसे. मोठमोठ्या गाड्या हाकणारे, मिशांना पीळ दिलेले ड्रायव्हर खिडकीत वाकून म्हणायचे, "बाबूजी, जरा जल्दी." बाबूजी अजिबात जल्दी करत नसत. बाबूजी आधी पेनाचं टोपण काढत, ते पेनाच्या मागे लावत, आणि मग तारीख घालत.

कारण माझं अक्षर. हे मी सांगायला नको, पण सांगतो. माझे वडील निजामपुऱ्यात कापडाच्या गाठींवर मार्का घालायचे. ब्रश काळ्या रंगात बुडवून गाठीवर नंबर आणि गावाचं नाव. लांबच्या स्टेशनावर हमालाला लांबून वाचता आलं पाहिजे, एवढा त्यांचा हिशोब. मला त्यांनी पाटीवर बसवून अक्षर घोटायला लावलं. एखादा 'र' लंगडा निघाला की पाटी पुसून सगळं पहिल्यापासून. आमच्या विहारातला फळा मी नववीत असल्यापासून लिहितोय. जयंतीचा कार्यक्रम, पौर्णिमेची वंदना, कुणाच्या घरी गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, सगळं माझ्या हाताने. ह्या नोकरीलासुद्धा शेठनी माझा अर्ज पाहून ठेवलं, मला पाहून नाही. पुढे कुणी पाहुणे आले की शेठ माझं रजिस्टर उघडून दाखवायचे. बघा, म्हणायचे, छापल्यासारखं.

मावशी माझ्यानंतर वर्षभराने लागल्या. अंजूरच्याच. सकाळी झाडू, मग चहा, मग पुन्हा झाडू. वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच असतील, पण झाडूवाल्या बाईला सगळं ऑफिस मावशी म्हणतं, तसं मीही म्हणायचो. त्यांना वाचता येत नव्हतं. शाळा दुसरीत सुटलेली. पगारपत्रकावर अंगठा उठवायच्या, तो मला बघवेना, म्हणून सही मी शिकवली. महिना लागला. त्यांची सही आजही माझ्या वळणाची आहे, कुणीही ओळखेल.

तेव्हापासून त्यांचा एकूण एक कागद माझ्याकडे यायचा. जेवणं झाली की त्या कोपऱ्यातलं स्टूल माझ्या टेबलापाशी ओढायच्या, कमरेच्या प्लास्टिकच्या पिशवीतून घडी काढायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, ह्यो जरा बगा ना. क लिवलंय?" गॅसचा फॉर्म, मुलीच्या शाळेची नोटीस, नवऱ्याच्या छातीच्या फोटोचा रिपोर्ट, ग्रामपंचायतीचं पत्र. मी चष्मा काढायचो, पुसायचो, पुन्हा घालायचो. कागद एकदा मनात वाचायचो. त्या माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. मग मी मोठ्याने वाचायचो आणि शेवटी अर्थ सांगायचो. खरं सांगायचं तर हे काम दोन मिनिटांचं असायचं आणि मी त्याला पंधरा लावायचो. दिवसभरात तेवढाच वेळ कुणीतरी माझ्या तोंडाकडे असं बघत असे.

मग शेठची मुलगी ऑफिसात बसायला लागली आणि तिने कागद बंद केला.

मुलगी गुणी आहे, मला काका म्हणते, माझ्या आधी कधी जेवायला बसली नाही. पण माल ठेवणाऱ्या एका बड्या पार्टीने तिला सांगितलं होतं की आम्हाला सगळं कॉम्प्युटरवर दिसायला हवं; गाडी गेटवर आली की आमच्या ऑफिसात कळलं पाहिजे. तिने सगळ्यांना एकत्र बोलावलं. पहिल्या तारखेपासून रजिस्टर नाही, गेटपास नाही, चलनाच्या तीन रंगांच्या प्रती नाहीत. गेटवर टॅब राहील. गाडीचा फोटो, कागदाचा फोटो, माहिती भरायची, झालं. बोलता बोलता ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुमच्या मानेचं दुखणं पण कमी होईल." माझी मान तोपर्यंत कधी दुखली नव्हती.

मी टॅब शिकलो. शिकलो म्हणजे काय, आधी चिठ्ठीवर लिहायचो आणि मग चिठ्ठीत बघून टॅबवर एका बोटाने भरायचो. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायला लागली. त्यात मला धीर निघेना. फोटो काढला म्हणजे नोंद झाली, ह्यावर मन बसेना. उद्या हे यंत्र बंद पडलं तर? म्हणून मी प्रत्येक नोंदीची गुपचूप प्रिंट काढायला लागलो. प्रिंट काढली की तिच्यावर सही पाहिजे. सही केली की ती फाईल झाली पाहिजे. फाईल केली की तिच्यावर नंबर पाहिजे, आणि नंबर कुठेतरी उतरवलेला पाहिजे. म्हणून मी घरून एक रजिस्टर आणलं. दीड महिन्याने शेठच्या मुलीने सफाईसाठी माझं कपाट उघडलं आणि एकेक फाईल बाहेर काढत गेली. कागद बंद झाल्यापासून आमच्याकडे आधीपेक्षा जास्त कागद लागला होता. ती हसली, मला चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटर उचलून आमच्या वडप्याच्या गोडाऊनला पाठवून दिला.

त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी मी दोन दिवस रजेवर गेलो. परत आलो तर गेटवर रांग नाही. मला वाटलं, गाड्याच आल्या नसतील. आत येऊन बघतो तर धक्क्याच्या सगळ्या जागा भरलेल्या, आणि माझ्या खिडकीबाहेर, झाडू भिंतीला टेकवून, मावशी हातात टॅब घेऊन उभ्या.

ह्या बाई गेले दीड महिना माझ्या खुर्चीमागून पोछा मारत होत्या आणि पोछा मारता मारता सगळं बघत होत्या. टॅबवर एक माइकचं चित्र आहे, ते मला कधी दाबावंसं वाटलं नव्हतं. बोलून लिहिणं हे काय लिहिणं आहे? मावशींनी ते दाबलं. गाडीचा नंबर बोलल्या, पार्टीचं नाव बोलल्या, किती नग ते बोलल्या. आकडे त्यांना वाचता येत होतेच, भाव करून मासळी विकलेली बाई ती. बाकी चित्रांवरून. कॅमेऱ्याचं चित्र, टिकमार्कचं चित्र, बाणाचं चित्र. टॅबवर वाचायचं असं फारसं काही नव्हतंच. इतकी वर्षं कागदामुळे ज्या बाईचं अडत होतं, तिच्या वाटेतला कागदच कुणीतरी उचलून नेला होता. आणि तो नेला होता माझ्या अंगाखालून.

शेठची मुलगी धावतच आली. "काका, मावशींना तुम्ही शिकवलंत?"

मी म्हणालो, "हो."

आजवर बोललेल्या खोट्यांतलं हे सगळ्यात मूर्ख खोटं. मावशी बाजूलाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडं बगूनच शिकलू." त्यांना खरं बोलूनही मला सांभाळून घेता आलं, ह्याचा मला आणखीनच राग आला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणायचं ते म्हणा. टॅब त्यांच्याकडे गेला. झाडायला दुसरी बाई आली. मावशींना गेटपाशी चाकांची खुर्ची मिळाली, माझी लाकडीच राहिली. ड्रायव्हर गाडीतूनच हाक मारायला लागले, "मौसी, लगा दूँ क्या?" माझ्या खिडकीला एके दिवशी सुताराने प्लाय ठोकला, कारण आतला एसी बाहेर जात होता. मला जुनी रजिस्टरं चाळून रद्दीत काय द्यायचं आणि काय ठेवायचं ते ठरवण्याचं काम दिलं. म्हणजे माझंच अक्षर माझ्याच हाताने रद्दीत घालायचं. "काका, तुम्ही आता आमचे मार्गदर्शक," शेठची मुलगी म्हणाली. मार्गदर्शकाला चहा स्वतः करून घ्यावा लागतो हे मला तेव्हा कळलं.

मी त्यांच्यावर पाळत ठेवायला लागलो. त्या खुर्चीत कशा बसतात, टॅब पदराने कशा पुसतात, माइकशी बोलताना मान कशी वाकडी करतात, आणि यंत्राला त्यांचं "न्हाय" आणि "हाय" कसं काय समजतं. मी घरी फोनच्या माइकवर शुद्ध मराठीत बोलून बघितलं तर त्याने माझ्या गल्लीचं नाव चुकवलं. बायको म्हणाली, एवढं काय मनाला लावून घेता, बिचारीला चार दिवस बरे आलेत. मला बिचारी हा शब्द नको होता. बिचारी होती तेव्हा ती माझी बिचारी होती.

तरी माझ्याकडे एक काम शिल्लक होतं. माल उतरवताना काही फुटलं, भिजलं, कमी भरलं तर चलनावर शेरा मारायचा. 'दोन खोकी ओली, एक फाटके.' शेरा कागदावर मारायचो आणि मावशी त्याचा फोटो काढायच्या. माझ्या अक्षराला दिवसातून चार-पाच ओळी मिळायच्या. मी त्या ओळी फार जपून लिहायचो.

मग एका सकाळी टॅबवर तीन बटणं उगवली. शेठची मुलगी त्या दिवशी मुंबईला गेली होती. दुपारी जेवणं झाल्यावर, किती दिवसांनी, मावशींनी ते जुनं स्टूल माझ्या टेबलापाशी ओढलं. मला आत कुठेतरी बरं वाटलं, तेही सांगून टाकतो. त्यांनी टॅब माझ्यापुढे धरला.

"भाऊ, ही नवीन बटनं आलीत. शेऱ्याची हायत बोलतात. हिरवा म्हंजे ठीक, त्या समजला. पिवला कंचा न लाल कंचा?"

बटणांवर इंग्रजीत लिहिलेलं होतं. पिवळ्यावर 'नग कमी' आणि लालवर 'माल खराब' अशा अर्थाचं. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाचलं. आणि म्हणालो, "पिवळं म्हणजे माल खराब. लाल म्हणजे नग कमी."

उलटं सांगितलं. जाणूनबुजून.

त्यासाठी काही ठरवावं लागलं नाही. आवाज नेहमीचाच लागला. मावशींनी दोनदा पुटपुटून पाठ केलं, "पिवला खराब, लाल कमी," आणि उठल्या. नगाचा आणि खराबीचा गोंधळ म्हणजे साधी गोष्ट नाही. माल खराब असला तर फोटो पार्टीकडे जातात, पुढचं ते बघतात. पण नग कमी अशी नोंद झाली की ड्रायव्हरला गेटवर थांबवून ठेवतात, वाटेत माल विकला का म्हणून त्याची झडती होते. हे मला माहीत होतं. तरी माझ्या डोळ्यांपुढे कुणी ड्रायव्हर नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे फक्त मावशींना बसणारा ओरडा होता, आणि त्यानंतर शेठच्या मुलीचं म्हणणं, काका, शेरा तुम्हीच मारत जा.

मी वाट बघायला लागलो. पहिला दिवस गेला, सगळा माल धडधाकट. दुसऱ्या दिवशीही हिरवं. माणसाने माल फुटावा म्हणून मनातल्या मनात विनवण्या कराव्यात, अशी वेळ माझ्यावर मीच आणली होती. गाडी धक्क्याला लागली की काहीतरी निमित्त काढून मी तिथे जाऊन उभा राहायचो. मुकादम, म्हणजे आमच्या हमालांचा पुढारी, एकदा म्हणाला, "बाबूजी, आजकल बहुत घूम रहे हो."

चौथ्या दिवशी बिस्किटांची गाडी आली. ताडपत्री फाटलेली, वरची खोकी भिजून मऊ पडलेली. हमालांनी अकरा खोकी बाजूला काढली. मावशी आल्या. खोक्यांवर हात फिरवून बघितला, चारी बाजूंनी फोटो काढले. नग मोजले, बरोबर भरले. माझ्या सांगण्याप्रमाणे त्या आता पिवळं दाबणार होत्या, आणि तो वीस-बावीस वर्षांचा दाढी वाढलेला ड्रायव्हर, जो मुकाट्याने ताडपत्रीची घडी घालत होता, गेटवर अडकणार होता.

त्यांनी लाल दाबलं.

"लाल?" माझ्या तोंडून निघून गेलं. "मावशी, लाल कसं दाबलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माल खराब हाय ना भाऊ. मंग लालच."

ड्रायव्हर कागद घेऊन निघून गेला. मी तिथेच ओल्या खोक्यांपाशी उभा राहिलो. मावशींनी टॅब पदराने पुसला आणि धक्क्याच्या कडेला बसल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत, पण मी बसलो.

"मी तुमाला इचारला," त्या म्हणाल्या, "मंग मुकादमाला इचारला. दोघांचा जमला न्हाय. मंग एका डायवरला इचारला. त्यो आन मुकादम एकच बोलले. तुमी येगला बोललात."

ह्यावर मी काय बोलायला हवं होतं ते आज मला माहीत आहे. त्या वेळी मी काय बोललो? मी रुसलो. मी म्हणालो, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुमचा."

"इस्वासाचा क नाय त्याच्यान," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी कवापन दोघांना इचारते."

"कधीपासून?"

"पयलेपासून."

मला कळेना. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. गॅसचा फॉर्म मी वाचला, तो घरी गेल्यावर शेजारच्या शिक्षिकाबाईंनी वाचला. शाळेची नोटीस मी वाचली, तीही त्यांनी वाचली. छातीच्या फोटोचा रिपोर्ट मी वाचला आणि घाबरण्यासारखं काही नाही असं सांगितलं, तेव्हा मावशी माझ्या पाया पडल्या होत्या. तो रिपोर्टसुद्धा त्याच संध्याकाळी शिक्षिकाबाईंच्या ओट्यावर पुन्हा वाचला गेला होता. एकही कागद सुटलेला नव्हता. ह्या सगळ्या वर्षांत मला वाटत होतं मी वाचून दाखवतोय. मी परीक्षा देत होतो आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं.

"तुमी कवा चुकला न्हायत पन," त्या म्हणाल्या. "ही पयलीच येल."

मी खाली बघत होतो. त्यांनी पायाखालच्या काँक्रीटवर टाच आपटली.

"ह्या सगला आमचा शेत व्हता. ठाव हाय ना तुमाला? इथं जिथं बसलोय तिथं भाताचा बांध. सासऱ्यांना इकत घेनाऱ्याचा कागद एकानंच वाचून दावला. निम्मा शेत देतोय बोलून अंगठा लावला त्यांनी. कागदावर पुरा शेत व्हता. वाचनारा मानूस चांगला व्हता बोलतात. घरातलाच. पन एकटाच व्हता. सासू बोलली मना, तुला वाचता येत न्हाय तं दोघांना इचार. देव आला सांगायला तरी दुसऱ्याला इचार."

दोन बायका पाट्या घेऊन समोरून गेल्या. मावशी उठल्या आणि साडी झटकत म्हणाल्या, "तुमी इसरला असाल भाऊ. बटनं नवीन हायत."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. मोठ्या मनाचा माणूस असतो तर ती नाकारली असती. मी म्हणालो, "हो, विसरलो असेन."

एवढं झाल्यावर मत्सर जायला हवा होता. गोष्टींमध्ये जातो. माझा गेला नाही. उलट त्याला आता शिक्षिकाबाईंची भर पडली. मला त्या न पाहिलेल्या बाईंचाही राग यायला लागला. माझं स्थान टॅबने घेतलं नव्हतं, ते आधीपासूनच अर्धं होतं, हे मला पचेना. आणि सगळ्यात जास्त टोचत होतं ते मावशींचं कुणाला काही न सांगणं. शेठच्या मुलीच्या कानावर एक शब्द गेला नाही. तिने मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

महिन्याभराने शेठची मुलगी माझ्या टेबलापाशी आली. "काका, मावशींना गेट-नोंद प्रमुख करतोय आम्ही. पगार, पद, सगळं. पत्र मेलवर पाठवणार होते, पण त्या म्हणतात कागदावर पाहिजे. आता कागदावर म्हणजे..." ती हसली. "प्रिंटर तर तुमच्यामुळेच गेला. तुमच्या हातचंच देऊ या? तुमच्या अक्षरासारखं छापील तरी कुठे मिळणार?"

तिला वाटलं ती माझा मान करतेय.

ऑफिसात कोरा कागद नव्हता. एक पान नव्हतं हो. शेवटी मी रद्दीच्या गठ्ठ्यातून माझं शेवटचं रजिस्टर ओढलं. मागची सात-आठ पानं कोरी राहिली होती, कारण ते संपायच्या आत पहिली तारीख आली होती. एक पान पट्टी लावून कापलं. पेनाचं टोपण काढलं, मागे लावलं, तारीख घातली. वाटलं होतं, मुद्दाम गचाळ लिहावं. एक ओळ वाकडी जाऊ द्यावी. पण माझ्या हाताला वाईट लिहिता येत नाही, वडिलांनी ती सोयच ठेवली नाही. 'आपली नेमणूक गेट-नोंद प्रमुख ह्या पदावर करण्यात येत आहे. गेटवरील सर्व नोंदींची जबाबदारी व अधिकार आपल्याकडे राहतील.' लिहून झालं तेव्हा पान इतकं देखणं दिसत होतं की माझाच मला राग आला. शेठच्या मुलीने खाली सही केली आणि मावशींना दिलं.

जेवणानंतर स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"भाऊ, ह्यो जरा बगा ना. क लिवलंय?"

माझ्याच हातचं पत्र, आणि ते मलाच वाचायला. मी चष्मा पुसला. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, अगदी पूर्वीसारख्या. मी वाचायला लागलो. तारीख वाचली, त्यांचं नाव वाचलं, गावाचं नाव वाचलं. मग ती ओळ आली. मी वाचलं, "आपली नेमणूक गेट-नोंद पदावर करण्यात येत आहे," आणि पुढे गेलो. प्रमुख हा शब्द राहिला. राहिला म्हणजे मी गाळला. असा काही बेत नव्हता माझा. तो शब्द त्या बाईच्या तोंडावर, तिच्यासाठी, माझ्या जिभेवर येईना. एका शब्दाने काय होतंय, असंही मनात आलं. शेवटपर्यंत वाचलं आणि कागद परत दिला.

"बरं," मावशी म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी स्वतःचा फोन काढला. त्यांच्या मुलीने घेऊन दिलेला नवीन फोन. कागद माझ्या टेबलावर सपाट पसरला, वर फोन धरला, कुठेतरी दाबलं.

फोनमधली बाई बोलायला लागली.

मला वाटलं, हाताने लिहिलेलं तिला काय वाचता येणार. अडखळेल, चुकेल. क्षणभर मला तिच्याकडून फार आशा होती. पण अक्षर माझं होतं. लांबच्या स्टेशनावरच्या हमालाला वाचता आलं पाहिजे असं घोटलेलं. ती बाई कुठेही अडखळली नाही. सपाट आवाजात तिने तारीख वाचली, नाव वाचलं, गाव वाचलं. "आपली नेमणूक गेट-नोंद प्रमुख ह्या पदावर," ती म्हणाली. इतकं स्पष्ट, की पलीकडच्या टेबलावर हिशेब लिहिणाऱ्याने मान वर केली.

मावशींनी बाईला शेवटपर्यंत वाचू दिलं. मग फोन बंद केला.

"परमुख," त्या म्हणाल्या. "ह्यो तुमी वाचला न्हाय."

ह्या वेळी मला त्यांनी वाट काढून दिली नाही. विसरला असाल, असं त्या म्हणाल्या नाहीत. तेव्हा बटणं नवीन होती, आता अक्षर माझंच होतं.

त्यांनी फोन पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड बांधलं, आणि पिशवी कमरेला खोवली. पत्र उचलून माझ्या हातात दिलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

मी चष्मा पुसला नाही. तारखेपासून सुरुवात केली आणि मोठ्याने, एकही शब्द न गाळता, पुन्हा सगळं वाचलं.